घरातल्या समुद्राला शेवाळ येते तेव्हा

माझी मावसबहीण भिलाईला असते. स्टील प्लांटचे क्वार्टर, पुढे पेरूचे झाड, दारात तुळस, आणि मागच्या संक्रांतीपासून बैठकीच्या खोलीत एक समुद्र! समुद्र म्हणजे दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक. बारा वर्षांच्या भाच्याने हट्टच धरला होता. त्याला सिनेमातला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा हवा होता, आणि तो मासा काही गोड्या पाण्यात राहात नाही.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या दारातच समुद्र होता. भिलाईहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर. तिथे समुद्र घरीच कालवावा लागतो! बाजारात मिळणारे सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने शुद्ध पाण्यात विरघळवायचे. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे बरे का. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे समुद्राच्या पाण्यातले इतर क्षारही असतात.

सगळे हौसेने झाले. तीन आठवड्यांनी दोन क्लाऊन मासे आले. त्यानंतर आठवडाभरात पांढऱ्या वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी धूळ बसू लागली. ताईने मला फोन केला, "अगं, तुझ्याकडे इतकी वर्षं फिशटँक आहे, तूच सांग. सगळं कसं गंजल्यासारखं दिसतंय!"

मी मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगून टाकले, "त्यात काय ताई? सगळं रिकामं कर, वाळू उकळत्या पाण्यानं धू, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून घे, आणि नव्या पाण्यानं भर."

तिने तसेच केले. टँक लखलखीत झाला. चौथ्या दिवशी दोन्ही मासे मेले.

त्या रात्री भाचा फोनवर आला. रडत नव्हता. एवढेच म्हणाला, "मावशी, तूच सांगितलं होतंस ना धुवायला?"

वाचकहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी हा विषय मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. मे महिन्यात भिलाईला जाऊन राहिले. जे शिकले ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण अलीकडे नागपूर, पुणे, नाशिक अशा समुद्रापासून दूरच्या गावांतही खाऱ्या पाण्याचे टँक दिसू लागले आहेत, आणि नव्या टँकचा पहिला घास बहुधा शेवाळाच्या भीतीनेच जातो.

मासे कशाने मेले?

शेवाळाने नाही, माझ्या सल्ल्याने मेले.

माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. पण वाळूत, दगडांच्या छिद्रांत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू उपयोगी जिवाणू वस्तीला येतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र मासे बरेच सोसू शकतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसेच हे.

आमच्या ताईचे विरजण जेमतेम लागत होते. उकळत्या पाण्याने आणि नळाच्या क्लोरीनने ते आम्ही मारून टाकले, आणि त्याच पाण्यात मासे परत सोडले. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शेवाळ दिसले म्हणून सगळा टँक कधीही धुऊन काढू नये. शेवाळ आले म्हणजे टँक बिघडला असे नाही. पाण्यात काय काय साठले आहे, ते शेवाळ आपल्याला दाखवत असते.

आधी ओळख पटवा

सगळे शेवाळ एक नसते. तापाला जसे एकच औषध नाही, तसे इथेही आहे. नव्या टँकमध्ये साधारणपणे पुढचे पाहुणे येतात.

*तपकिरी धूळ:* बोट फिरवले की पिठासारखी उडते, काचेवरून सहज पुसली जाते. हे डायटम. यांच्या पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच, कवच असते. त्यामुळे पाण्यात आणि नव्या वाळूत सिलिकेट असेपर्यंत ते वाढतात आणि ते संपत आले की बहुधा आपोआप ओसरतात. नव्या टँकमध्ये हे येणारच. यांना क्षुद्र समजू नका. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे पाचवा हिस्सा डायटम उचलतात. ताईच्या घरी आले होते ते हेच, बिचारे निरुपद्रवी!

*काचेवरची हिरवी साय:* दोन-तीन दिवसांनी काच धूसर होते. हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण. समोरची काच पुसावी, मागची गोगलगाईंसाठी तशीच ठेवावी.

*लाल-जांभळा पापुद्रा:* वाळूवर मखमलीसारखा पसरतो, चिमटीत धरला तर सालीसारखा सुटून येतो, बऱ्याचदा उग्र वासही येतो. हे खरे शेवाळ नाहीच, हे सायनोबॅक्टेरिया. पाणी जिथे साचून राहते आणि घाण बसते तिथे यांचे फावते. यांचेच एक भावंड पावसाळ्याआधी अरबी समुद्रात मोठाले तवंग धरते.

*हिरवे केस:* दगडाला चिकटलेले, पाण्यात झुलणारे, ओढले तर तुटणारे. हे नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसते. सर्वांत जास्त लोक हौस सोडतात ते याच्यामुळे.

*हिरवे मणी:* काचेच्या गोटीसारखे चमकदार फुगे. गंमत म्हणजे अख्खा फुगा ही बहुधा एकच पेशी असते. हे टँकमध्ये फोडू नयेत. पाणी ओढणारी नळी जवळ धरून मुळापासून अलगद सोडवावेत.

*तपकिरी तारा:* शेंबडासारखे बुळबुळीत धागे आणि त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. दिवसा वाढतात, रात्री कमी झालेले दिसतात. हे डायनोफ्लॅजेलेट. कोकण किनाऱ्यावर कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात, तो याच गोत्यातल्या एका जिवाचा खेळ. टँकमधले काही प्रकार मात्र विषारी असतात, ते खाऊन गोगलगाई मरतात.

डायटम आणि या तारा सुरुवातीला सारख्याच दिसतात. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. थोडा तपकिरी थर पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले तर डायनोफ्लॅजेलेट समजावे. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण बाकीची मंडळी पाण्यात पोषण जास्त झाल्याने माजतात, पण या तारा पुष्कळदा नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आल्यावर डोके वर काढतात. म्हणजे इथे अति स्वच्छताच भोवते!

शेवटचा पाहुणा *गुलाबी-जांभळा कडक थर.* हाही शेवाळाचाच प्रकार, पण चुनखडीचा. काही महिन्यांनी दगडांवर याचे ठिपके उमटले तर त्यांना खरवडू नका. टँक स्थिरावल्याची ती पावती.

आप्पांची वही

मी मे महिन्यात पोहोचले तेव्हा टँकमध्ये मासे नव्हते आणि हिरवे केस वीतभर वाढले होते. अधेमधे लाल पापुद्रेही होते. भाचा त्या बाजूला फिरकतसुद्धा नव्हता. ताई म्हणाली, "आता हे विकून टाकावं म्हणते."

तेव्हा ताईचे सासरे पुढे झाले. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी ब्लास्ट फर्नेसवर काढली. ते म्हणाले, "भट्टीत खराब माल निघाला तर आम्ही भट्टी विकत नव्हतो. वरून काय काय टाकलं, त्याचा हिशेब बघत होतो. इथं वरून काय पडतंय, ते कुणी लिहिलंय का?"

कोणीच लिहिले नव्हते. आप्पांनी भाच्याची जुनी शाळेची वही घेतली आणि रकाने आखले: पाणी, खाद्य, उजेड.

पाण्याच्या रकान्यानेच डोळे उघडले. भिलाईचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. पारा ४४-४५ अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत. टँक थंड राहावा म्हणून त्यावर छोटा पंखा लावला होता. रोज सुमारे दोन लिटर पाणी उडून जात होते आणि ताई तेवढेच नळाचे किंवा बोअरचे पाणी वर ओतत होती. आप्पांनी गुणाकार केला. दोन महिन्यांत १२० लिटर! दीडशे लिटरच्या टँकमध्ये जवळजवळ दुसरा टँकभर नळाचे पाणी गेले होते. वाफ होते ती पाण्याची. पाण्यासोबत आलेले सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट आणि इतर क्षार मागेच राहतात. दुधाचा खवा करताना कढईत उरते तसे.

त्यातून भिलाईच्या आसपासचा मुलूख चुनखडीचा. जवळच्या नंदिनीच्या खाणीतली चुनखडी प्लांटला जाते, हे आप्पांना पाठ. अशा भागातले बोअरचे पाणी जड असते. आप्पा हसून म्हणाले, "खनिजातली सिलिका बाहेर काढायला आम्ही भट्टीत चुनखडी घालायचो, ती स्लॅग होऊन निघून जायची. तुमच्या या भट्टीला स्लॅग काढायची वाटच नाही. जे टाकाल ते आतच."

"पण सुरुवातीला तर आम्ही आरओचंच पाणी भरलं होतं," ताई म्हणाली. मग पाण्यातले क्षार मोजणारे पेनासारखे टी.डी.एस. मीटर आणले. घरच्या आरओचे पाणी ९० दाखवत होते! पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून घरगुती आरओमध्ये पुष्कळदा थोडे कच्चे पाणी मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. आपल्याला ते चांगले, टँकला नाही. खाऱ्या टँकला आरओनंतर आणखी एका रेझिनच्या नळीतून गाळलेले पाणी लागते, ज्याला दुकानदार डीआय म्हणतात. त्याचा आकडा शून्य यायला हवा. रेझिन मात्र वेळेवर बदलावे. ते संपत आले की सिलिकेट आधी निसटते आणि मीटरला ते नीट कळतही नाही.

दुसरा रकाना खाद्याचा. मासे नसतानाही, जिवाणूंची वस्ती उपाशी राहू नये म्हणून रोज दोन चिमटी खाद्य पडत होते. ते कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट होत होते. तिसरा रकाना उजेडाचा. दिवा सकाळी सातला लागायचा तो रात्री नऊला बंद व्हायचा, आणि दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर पडायचे.

पाणी, खाद्य, ऊन. परसात पालक पेरला असता तरी इतका जोमाने आला नसता!

मग काय केले?

एकदम सगळे नाही, हे आधी सांगते. आठवड्याला एकेक गोष्ट बदलली.

पहिल्या आठवड्यात वरचे पाणी बदलले. कमी झालेल्या पाण्याच्या जागी फक्त शुद्ध गोडे पाणी. मीठ उडत नाही, म्हणून रोजच्या भरीला खारे पाणी घालायचे नसते. तसे केले तर खारटपणा वाढत जातो. दुसऱ्या आठवड्यात खिडकीला जाड पडदा आला आणि दिव्याला टायमर, दिवसाला सात तास. खाद्य आठवड्यातून दोनदा, तेही चिमूटभर.

तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी हाताने उपटणे. केसाळ शेवाळ हाताने काढण्याला पर्याय नाही. दगड बादलीभर टँकच्याच पाण्यात धरून जुन्या टूथब्रशने घासायचा, ते पाणी फेकून द्यायचे. वाळूवरचा लाल पापुद्रा नळीने ओढून घ्यायचा. सोबत १० टक्के पाणी ताज्या खाऱ्या पाण्याने बदलायचे. कोपऱ्यात पाणी साचत होते तिथे प्रवाह देणारा छोटा पंप फिरवून लावला. लाल पापुद्रा त्यानेच निम्मा हटला.

इथे एक सावधगिरी. टेस्ट किटवर फॉस्फेट शून्य दिसले म्हणून फसू नका. शेवाळ भरपूर असेल तर पाण्यातले फॉस्फेट तेच खाऊन टाकते आणि चाचणीला काही उरत नाही. आकडा आणि डोळे दोन्हींवर विश्वास ठेवावा.

तरीही फॉस्फेट हटेना तेव्हा दुकानातून त्यासाठीची खास खडी आणली. ती कशाची असते ठाऊक आहे? लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे गंजाच्याच जातीची! फॉस्फेट तिला चिकटून बसते. आप्पांना कोण आनंद झाला. "बघा, शेवटी लोखंडच कामाला आलं!" मात्र घरचे गंजलेले खिळे कोणी टँकमध्ये टाकू नका. ही खडीही थोडीथोडी वापरावी. फॉस्फेट पार शून्यावर नेले तर त्या तपकिरी तारांना आमंत्रण मिळते.

दुकानदाराने शेवाळ मारायच्या औषधाची बाटलीही दाखवली होती. आम्ही ती घेतली नाही. गोड्या पाण्यासाठीच्या अशा काही औषधांत तांबे असते, त्याने गोगलगाई, खेकडे, कोळंबी मरतात. लाल पापुद्र्यावर काही जण अँटिबायोटिक टाकतात. सायनोबॅक्टेरिया हे जिवाणूच असल्याने ते मरतातही, पण आपल्या विरजणालाही धक्का लागू शकतो. शिवाय मूळ कारण तसेच राहते, म्हणजे महिन्याभरात पुन्हा तेच. फारच चिवट असेल तर तीन दिवस दिवा बंद ठेवून टँक चादरीने झाकावा, हवेचा पंप मात्र चालू ठेवावा.

शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या मदतनीस आहेत, मोलकरणी नव्हेत. नवा टँक पोटभर शेवाळ देऊ शकला तरच त्या जगतात.

आणखी एक महत्त्वाचे. "जिवंत प्रवाळ ठेवा, पाणी आपोआप स्वच्छ राहील," असे कोणी सांगेल. आपल्या समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. ते काढणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. प्रवाळ लागलेला समुद्रातला खडकही घेऊ नये. कोरडे किंवा कृत्रिम दगड पुरतात. मासेही प्रवाळातून पकडलेले नकोत, पैदास केंद्रातले मागावेत. क्लाऊन माशांच्या प्रजननाचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने कधीच विकसित केले आहे.

हे फ्रिजवर चिकटवा

• पहिले सहा आठवडे मासे नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच मासे, तेही एक-एक जोडी.
• पाणी नेहमी आरओ-डीआयचे, मीटरवर शून्य. भरीचे पाणीही तेच.
• दिवा सहा ते आठ तास, टायमरवर. टँकवर थेट ऊन नको.
• खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. गोठवलेले खाद्य धुऊन मगच घालावे.
• दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदला. फिल्टरचा स्पंज टँकच्या काढलेल्या पाण्यातच हलवून घ्या, नळाखाली कधीही नाही.
• नायट्रेट आणि फॉस्फेट कमी असावेत, शून्य नव्हे.
• रोज एका वहीत लिहा: काय टाकले, किती टाकले, काय दिसले.

आणि भाचा?

जूनपर्यंत तो लांबच होता. रविवारी आप्पा बादली घेऊन बसायचे आणि मुद्दाम मोठ्याने आकडे सांगायचे, लिहायला मात्र कोणी नसायचे. एका रविवारी त्याने येऊन वही ओढून घेतली. "आप्पा, तुमचं अक्षर कुणाला कळतं?" तेव्हापासून नोंदी त्याच्या.

ऑगस्टच्या अखेरीस केस जवळजवळ गेले. संपूर्ण गेले नाहीत. एका दगडामागे एक शेंडी अजून आहे, आणि ती असू द्यावी असे आप्पांचे मत आहे. नवे दोन मासे घ्यायची परवानगी भाच्यानेच दिली, तीही सलग तीन आठवडे अमोनिया शून्य आल्यावर.

या दिवाळीत मी पुन्हा भिलाईला गेले होते. फराळाचे ताट बाजूला ठेवून त्याने मला टँकपाशी नेले आणि दगडावरचा तांदळाएवढा गुलाबी ठिपका दाखवला. म्हणाला, "मावशी, हे शेवाळच आहे. पण हे पुसायचं नसतं."

"नाही रे बाबा," मी म्हणाले, "आता मी काही पुसायला सांगणार नाही."

वहीत त्या तारखेपुढे त्याने लिहिले होते: गुलाबी, एक. आणि खालच्या ओळीत, जरा बारीक अक्षरात: मासे दोन, दोन्ही ठीक.